गाईच्या दुधाच्या रंगाचा उजेड

अण्णा मला दिवसातून एकदाच ओळखायचे. संध्याकाळी. आणि तेसुद्धा माझ्या तोंडाकडे बघून नाही, माझ्या गाडीच्या दिव्यांवरून.

सकाळी मी त्यांची वारलेली मोठी बहीण असायचे. चहा घेऊन गेले की म्हणायचे, ‘माई, तू कधी आलीस?’ रविवारी दुपारी अंघोळ घालायला गेले की मी दवाखान्यातली नर्स. कधी कधी तर कोणीच नाही, घरात वावरणारी कुणी एक बाई. अण्णा म्हणजे माझे वडील. मी त्यांची एकुलती एक मुलगी. आई जाऊन बरीच वर्षं झाली, लग्न मी केलं नाही, तेव्हा वटारच्या वाडीत आम्ही दोघंच. त्या दोघांपैकी एकाला दुसरं माणूस कोण हेच ठाऊक नसेल, तर घरात माणसं किती उरली ते तुम्हीच सांगा.

पण संध्याकाळी चमत्कार व्हायचा. मी विरारच्या एका बँकेत आहे. काम आटोपून गाडीने घरी यायला अंधार पडतो. दिवसभर अण्णांना सांभाळणाऱ्या ताई साडेसहाला निघून जायच्या, त्यांना त्यांचं घर आहे, मुलं आहेत. त्या गेल्या की अण्णा फाटकाला आतून आडणा घालायचे आणि पडवीत बसायचे. आमची गल्ली बावखलाजवळ वळते. बावखल म्हणजे वाडीतला गोड्या पाण्याचा खड्डा, आमच्याकडे विहिरीइतकाच त्याला मान. तिथे गाडी वळली की दिव्यांचा झोत आधी माडांच्या खोडांवर जायचा, मग विहिरीच्या कठड्यावर, मग पडवीच्या खांबांवर. माडांवर उजेड पडला रे पडला की अण्णा उठायचे. मी फाटकाशी पोचेपर्यंत आडणा निघालेला असायचा आणि अण्णा एका बाजूला उभे. ‘आली माझी बाय!’ असं म्हणायचे, माझ्या हातातली पिशवी घ्यायचे, ‘दमलीस ना?’ असं विचारायचे. पायातल्या चपला काढून मी आत जाईपर्यंत मी त्यांची बाय असायचे. कधी चहा होईपर्यंत टिकायचं, कधी तेवढंही नाही. पण व्हायचं रोज. आणि खरं सांगते, मी दिवसभर त्या दोन मिनिटांवर जगत होते.

गल्लीत दुसऱ्या कुणाच्या गाडीला असा उजेड नव्हता. रिक्षांचा पिवळट मिणमिणता दिवा, मोटरसायकलींचा एकच डोळा, केळी भरायला येणाऱ्या टेम्पोचे धुळकट दिवे, हे सगळे अण्णांच्या ओळखीचे. माझी गाडी सेकंडहॅन्ड, पण मोठी, जुन्या ऐटीची, आणि तिला झेनॉनचे दिवे. साध्या बल्बात तार तापते. ह्यात तारच नसते, कुपीतला वायू पेटतो. पेटल्यावर दोन क्षण थरथरतो आणि मग स्थिर होतो. मी ही गाडी घेतली तेव्हा नातेवाईकांनी नाकं मुरडली होती. एकट्या बाईला कशाला एवढं धूड, नाकापेक्षा मोती जड! अण्णा तेव्हा पूर्ण शुद्धीत होते. ते म्हणाले, ‘तिचं नाक, तिचा मोती, तुमाला का शिंका येतात?’ आणि पहिल्या दिवशी माझ्या शेजारी बसून पार अर्नाळ्यापर्यंत हिंडून आले.

तर दिवाळीनंतर डावीकडचा दिवा गुलाबी व्हायला लागला. आधी मला वाटलं, माझेच डोळे. मग तो मधेच विझायला लागला, बंद करून पुन्हा लावला की लागायचा. झेनॉनचा बल्ब मरायला टेकला की असाच रंग बदलतो, हे मला नंतर कळलं. मी बँकेजवळच्या गॅरेजात गाडी दिली आणि सांगितलं, बल्ब बदलून ठेव. संध्याकाळी गाडी घेतली. तिथे ट्यूबलाइटांचा लखलखाट, त्यात काय दिसणार! आगाशी मागे पडली, अंधार सुरू झाला, तेव्हा समोरचा रस्ता बघून मी चरकलेच. उजेड निळा होता. मासे विकणाऱ्या दुकानांत असतो तसा, गारठलेला.

असू दे म्हटलं, उद्या बघू. बावखलाशी वळले. माड निळे झाले, विहीर निळी झाली, पडवीतून अण्णा उठले. मला हायसं वाटलं. पण फाटक काही उघडेना. गाडी उभी करून मी उतरले तर फाटकाच्या पलीकडे अण्णा उभे, हातात कोयता.

‘जमीन विकायची नाय!’ ते ओरडले. ‘शंभरदा सांगितलं. चला, मागं फिरा!’

आता हे बाहेरच्यांना कळायचं नाही. आमच्या पट्ट्यात अंधार पडताना अनोळखी गाडी गल्लीत शिरली की ती जमिनीसाठीच आलेली असते. दलाल दिवसा येत नाहीत, दिवसा शेजारी बघतात. चकचकीत गाड्या, असेच निळेपांढरे दिवे, गोड गोड बोलणं. अण्णांनी उभं आयुष्य पानवेली आणि केळी केल्या, आणि म्हातारपण त्या गाड्या परतवण्यात घालवलं. बाकी सगळं विसरले, पण ते विसरले नाहीत.

‘अण्णा, मी आहे, बाय.’

‘माझी बाय अशा गाडीतून येत नाय.’

‘अहो अण्णा, बघा ना माझ्याकडे!’

‘तुमी कोन हाय ते मला काय करायचंय? बाय येल आता. तिच्याशी बोला. ती बँकेत हाय, तुमचे कागद ती बरोब्बर वाचते. तिच्यापुढं तुमची डाळ शिजायची नाय.’

मी फाटकाबाहेर उभी राहून माझंच कौतुक ऐकत होते. इतक्या वर्षांत अण्णांनी तोंडावर कधी एवढं म्हटलं नव्हतं. हसावं की रडावं तेच कळेना. शेवटी शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाच्या वाडीतून, बावखलाच्या काठाकाठाने, घोट्यापर्यंत चिखल तुडवत मी मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरले. अण्णा धापा टाकत आत आले आणि म्हणाले, ‘माई, बरं झालं आलीस. बाहेर दलाल आलेत.’

ती रात्र माझी कशी गेली ते मलाच ठाऊक. मला एकटं वाटत होतं. साधं सरळ सांगते, उगीच शब्दांची फुलं कशाला? आई गेली तेव्हा अण्णा होते. अण्णांचं डोकं गेलं तेव्हा निदान संध्याकाळ होती. आता एका टिनपाट बल्बाने माझी संध्याकाळही नेली होती.

सकाळी गॅरेजवाल्याची मी पूजाच बांधली. तो बिचारा म्हणतो, ‘मॅडम, ह्याच्यात खराब काय आहे? ओरिजनलपेक्षा जास्त व्हाइट आहे. आजकाल सगळ्यांना असाच पाहिजे.’

‘सगळ्यांच्या घरी माझे अण्णा नाहीत. जुने बल्ब कुठे आहेत माझे? उजवीकडचा तर चांगला होता.’

‘ते भंगारात गेले ना मॅडम. जोडीनेच बदलतात, नायतर दोन बाजूंना दोन कलर दिसतो.’

आता भंगारवाल्याच्या मागे कुठे धावणार! अस्सल बल्ब शोधायचे, एवढंच हातात होतं. बँकेत नकली नोटा ओळखायला शिकवतात, तसं मी जेवणाच्या सुट्टीत हे शिकले. उजेडाच्या रंगाला आकडा असतो. आकडा जेवढा मोठा तेवढा उजेड निळा. गाडीबरोबर कंपनीतून येणारा बल्ब त्रेचाळीसशेचा, आणि बाजारात हौसेने घेतात तो सहा हजाराच्या वर. म्हणजे एक गाईचं दूध आणि एक म्हशीचं. गाईच्या दुधाला किंचित पिवळी झाक असते, म्हशीचं निळसर पांढरं. मला गाईचं हवं होतं. आणि डब्यावर आकडा छापला म्हणून आत तोच माल असेल, इतकी मी दुधखुळी नव्हते.

विरारच्या एका मोठ्या दुकानात गेले. मालकाने माझ्याकडे, मग माझ्या मागे बघितलं. ‘मिस्टरांना पाठवा ना मॅडम, त्यांना समजावतो.’

‘मिस्टर नाहीत. एकटा जीव सदाशिव आहे, मलाच समजावा.’

त्याने डबा काढला. डबा काय सुरेख! छपाई बरोबर, चमकणारं सील बरोबर. मी बल्ब बुडाशी धरून बघितला. अस्सल बल्बाच्या बुडाशी त्याचा प्रकार, वॉट आणि गोलातलं मान्यतेचं चिन्ह पक्कं कोरलेलं असतं. ह्यावर नुसतं छापलेलं. मी नखाने घासलं तर अर्धं चिन्ह नखावर आलं. मी नख त्याच्यासमोर धरलं. तो म्हणाला, ‘अहो मॅडम, लाइट तर पडतोय ना?’ लाइट पडतोय! जसं काही मी नुसता उजेडच मागत होते. मी डबा तिथेच ठेवला आणि निघाले.

मग ऑनलाइन मागवले. त्याच्या सीलखाली खरवडायचा नंबर होता. तो कंपनीच्या साइटवर टाकला तर उत्तर आलं की हा नंबर आधीच पुष्कळदा तपासला गेला आहे. म्हणजे एकच खरा नंबर घेऊन कुणीतरी ढिगाने डबे छापले होते. परत पाठवले. त्यात आठवडा गेला. निळे दिवे तोवर गाडीलाच होते, दुसरं काय लावणार? मी रोज गाडी बावखलाच्या अलीकडे उभी करायचे, दिवे बंद करायचे, आणि शेजाऱ्यांच्या वाडीतून मागच्या दाराने घरात शिरायचे. माझ्याच घरात, चोरासारखी. शेजारची म्हातारी तिच्या ओट्यावरून विचारायची, ‘गो, आज पन मागून?’ मी म्हणायचे, ‘हो, आज पण.’ तिच्या घरात नाताळचे तारे टांगायची लगबग चालू झाली होती. नातवंडं शिडीवर चढलेली, कुणी वायर धरलेली, कुणी ओरडतंय. मी त्यांच्यामधून मान खाली घालून जायचे.

आणि अण्णा पडवीत बसलेले असायचे. वळणाकडे डोळे. मी मागून येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला की ते दचकून बघायचे आणि म्हणायचे, ‘माई, बाय आली नाय अजून.’ रोज हेच. मी समोर उभी, आणि ते माझी काळजी करतायत. एकदा मी चिडून म्हटलं, ‘आली, आली, केव्हाची आली!’ तर केवढे खूश झाले आणि काठी घेऊन फाटकाकडे निघाले. फाटक उघडून अंधारात बघत राहिले. त्यांना परत आणताना मला माझ्या जिभेचा राग राग आला.

डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, हा आजार पायऱ्या उतरत जातो, उतरलेली पायरी माणूस परत चढत नाही. मी ते ऐकलं होतं आणि ऐकलं नव्हतं. माझा हिशेब सरळ होता, उजेड गेला म्हणून ओळख गेली, उजेड आणला की ओळख येणार. कारकुनी डोकं, दुसरं काय?

शेवटी शनिवारी अर्धा दिवस सुट्टी टाकून माणिकपूर गाठलं. स्टेशनच्या गर्दीतून रिक्षांच्या रांगा चुकवत एक जुनं दुकान सापडलं. मालक तोंडाने फटकळ. मी म्हटलं, ‘अस्सल पाहिजेत, त्रेचाळीसशेचे.’ तो म्हणाला, ‘ते आता कोण घेतं? पिवळे दिसतात म्हणून पब्लिक परत आणून टाकते.’ मी म्हटलं, ‘मी टाकणार नाही. आणि आधी तपासणार.’ म्हणाला, ‘तपासा की, मी काय घाबरतो?’ बरं वाटलं मला. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी माझ्याशी माझ्यासारखं भांडत होतं.

मी सगळं बघितलं. बुडावरची अक्षरं नखाला हलली नाहीत. काच स्वच्छ, आतली कुपी मधोमध बसलेली. नंबर खरवडला, फोनवर टाकला, पहिल्यांदाच तपासला जातोय असं उत्तर आलं. दोन्ही डब्यांचे नंबर वेगवेगळे. तरी माझं समाधान होईना. मी म्हटलं, ‘पेटवून दाखवा.’ त्याच्याकडे तपासायची जोडणी होती. शटर अर्धं ओढून त्याने बल्ब लावला. आधी निळा जाळ, मग थरथर, मग हळूहळू तो उजेड समोरच्या भिंतीवर बसला. गाईचं दूध. मी बघतच राहिले.

‘काय झालं, पसंत नाही?’ त्याने विचारलं.

‘पसंत आहे.’

‘मग रडता कशाला?’

‘माझ्या घरी दाखवायचाय हा,’ मी म्हटलं आणि पर्स उघडली. त्याने शटर वर केलं आणि बल्ब डब्यात भरले.

त्याच्याच ओळखीच्या गॅरेजात ते बसवले. मी तिथे उभी राहून नुसतं डोकं खाल्लं. हातमोजे घाला, काचेला बोट लावू नका, तेलकट डाग राहिला तर बल्ब तिथे तडकतो. झोत भिंतीवर मारून दोन्ही बाजू सारख्या करून घेतल्या. एक शंका मात्र मनात होती. जुने बल्ब वापरून वापरून जरा पांढरे झाले असणार, हे नवे त्यांच्याहून पिवळे दिसतील. अण्णांना फरक कळेल का? ज्याला स्वतःची मुलगी कळत नाही त्याला उजेडातली छटा कळेल म्हणून मी घाबरत होते. पण निळा त्यांनी बरोब्बर ओळखला होता ना!

निघाले तेव्हा दिवस मावळला होता. घराघरांवर तारे लागले होते. मी रेडिओ लावला नाही, काही नाही. परीक्षेला जाताना अण्णा मला सोडायला यायचे तेव्हा रस्ता संपायचा नाही, तसा तो संपेना. बावखल आलं. मी वळले. माडांच्या खोडांवर उजेड पडला, विहिरीच्या कठड्यावर, पडवीच्या खांबांवर.

अण्णा उठले. काठी टेकत पायरी उतरले. त्यांच्या हातात कोयता नव्हता. फाटकाचा आडणा काढल्याचा आवाज मी काच खाली करून ऐकला. फाटक सरकलं आणि अण्णा बाजूला उभे राहिले, डोळ्यांवर आडवा हात धरून, तोंडभर हसत.

‘आली! आली माझी बाय!’

मी गाडी आत घेतली. समोरचं काही दिसत नव्हतं, डोळ्यांतून घळाघळा पाणी चाललं होतं. आपण जिंकलो असं वाटत होतं. दिवे मी मुद्दाम चालूच ठेवले, पिशवी घेतली आणि उतरले.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. काठी काखेत धरून हात जोडले, नमस्कार केला. मग माझ्या बाजूने पुढे होऊन गाडीत डोकावले. शेजारची सीट बघितली, मागची बघितली.

‘बाय कुठं हाय?’ त्यांनी मला विचारलं.

‘अण्णा...’

‘तुमी तिच्या बँकेतल्या ना? गाडी तिचीच हाय. दिवा तिचाच हाय. मी वळणावर बघितला, तसा उठलो.’

त्यांचा चेहरा इतका आनंदी होता. त्यांना शंभर टक्के खात्री होती, मुलगी आलीय. फक्त ती मी नव्हते. मी भांडकुदळ बाई, सगळ्या दुकानदारांना पुरून उरलेली, पण इथे भांडणार कुणाशी? मी आहे असं म्हटलं असतं तर ते घाबरले असते. ती नाही असं म्हटलं असतं तर अंधारात बघत उभे राहिले असते.

‘मागून येतेय,’ मी म्हटलं. ‘तिला थोडं काम होतं.’

‘येल, येल. लय दमते बिचारी.’ त्यांनी पडवीत चढून बाकावर माझ्यासाठी जागा केली, हाताने धूळ पुसली. ‘तुमी बसा तवर. ती आली की चहा करेल.’

मी पिशवी मांडीवर घेऊन पाहुणीसारखी टेकले, आणि आम्ही दोघं तिची वाट बघत बसलो.